एका तबकडीच्या दोन बाजू

जपानमध्ये संगीताची नवी सीडी घेताना घासाघीस चालत नाही. टोकियोतील शिबुयाच्या बहुमजली दुकानात जा, नाही तर एखाद्या आडगावातील लहानशा दुकानात. कंपनीने पाठीवर छापलेली किंमत दोन्हीकडे सारखीच. पूर्ण अल्बम असेल तर साधारण ३००० येन. तीच सीडी चार गल्ल्या सोडून जुन्या मालाच्या दुकानात कधी ५०० येनला मिळते, कधी ११० येनला, आणि कधी कितीही पैसे मोजायची तयारी असली तरी मिळत नाही.

गेल्या वर्षी मानवी हक्कांसंबंधीच्या एका बैठकीसाठी ओसाकाला जाणे झाले. निघताना भाच्याने हातात चिठ्ठी दिली. अॅनिमेच्या नादाने हा मुलगा जपानी रॉक संगीताकडे वळला आणि आता त्याला 'एक्स जपान', 'लुना सी' या बँडच्या जुन्या सीडी आणि त्यांच्या दौऱ्यातला एखादा टी-शर्ट हवा होता. "मामा, सीडी ओबीसकट बघून घ्या. आणि टी-शर्ट नकली नको," एवढी ताकीद त्याने दिली होती. त्या चिठ्ठीच्या तळाशी मी माझ्या हाताने एक नाव लिहून ठेवले : 'अकाई तोरी'. म्हणजे लाल पक्षी. या गायकवृंदाची १९७१ सालची एक तबकडी मला पाहायची होती. का, ते पुढे सांगतो. आधी बाजार समजून घेऊ. बाजार समजल्याशिवाय त्या तबकडीचे महत्त्व कळणार नाही.

भाव कोण ठरवतो?

जपानचा मक्तेदारीविरोधी कायदा १९४७ सालचा. कंपनीने दुकानदारावर किरकोळ विक्रीचा भाव लादू नये, हे त्याचे सर्वसाधारण तत्त्व आहे. परंतु १९५३ च्या दुरुस्तीने त्याला अपवादाची वाट काढून दिली. पुस्तके, मासिके, वर्तमानपत्रे, रेकॉर्ड, संगीताच्या टेप आणि संगीताच्या सीडी या सहा वस्तूंचा भाव आजही कंपनी बांधून देऊ शकते. संस्कृतीची वस्तू देशात सर्वत्र एकाच भावाने मिळावी, असे त्याचे समर्थन केले जाते. हेतू चांगला असेल. परंतु नवी सीडी महाग राहिली ती यामुळेच. पुढे आशियातील इतर देशांत स्वस्तात छापलेल्या जपानी सीडी परत जपानमध्ये येऊ लागल्या, तेव्हा २००४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २००५ पासून विक्रीसाठी अशा सीडी परत आणण्यावर बंधन आले.

गरीब विद्यार्थ्याने मग काय करायचे? त्याने दोन वाटा शोधल्या. पहिली वाट भाड्याची. १९८० साली टोकियोजवळच्या मिताका येथे रेकॉर्ड भाड्याने देणारे पहिले दुकान निघाले आणि अशी दुकाने देशभर पसरली. कंपन्या कोर्टात गेल्या, संसदेत गेल्या. १९८४ च्या दुरुस्तीने भाड्याचा हक्क कायद्यात आला. दुकाने बंद पडली नाहीत, कलावंतांना त्यांचा वाटा मिळू लागला. अशा दुकानातून निवृत्त झालेल्या सीडी आजही जुन्या बाजारात सर्वांत स्वस्त मिळतात. त्यांच्या अंगावर चिकटवलेले कागद असतात, कव्हर झिजलेले असते, पण गाणे तेच असते.

दुसरी वाट जुन्या मालाची. किंमत बांधण्याचा अपवाद नव्या मालाला लागू आहे. पहिल्या गिऱ्हाइकाने पैसे मोजून सीडी घरी नेली की कंपनीची सत्ता तिथे संपते.

मालकी कोणाची?

वकील म्हणून मला या बाजारातील सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते. घेतलेली वस्तू पुन्हा विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा, की बनवणाऱ्याचा? वापरलेले व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांविरुद्ध कंपन्यांनी हाच प्रश्न जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २५ एप्रिल २००२ रोजी निकाल लागला. एकदा रीतसर विक्री झाली की त्या प्रतीवरील वितरणाचा हक्क संपुष्टात येतो, दुकानदार ती पुन्हा विकू शकतो, असे न्यायालयाने ठरवले. कंपनी कितीही मोठी असो, तिचा हात गिऱ्हाइकाच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा प्रसंग २००६ सालचा. विद्युत उपकरणांच्या सुरक्षेसाठी केलेल्या कायद्यामुळे, विशिष्ट शिक्का नसलेली जुनी उपकरणे १ एप्रिलपासून विकता येणार नव्हती. म्हणजे जुने अँप्लिफायर, जुने सिंथेसायझर यांचा बाजारच उठला असता. संगीतकार र्युइची साकामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्यांची मोहीम उघडली. जुन्या मालाचे दुकानदार आणि वादक एकत्र आले. सरकारला माघार घ्यावी लागली आणि दुर्मिळ जुन्या वाद्योपकरणांना सूट द्यावी लागली. सह्यांच्या कागदाने काय होते, असे विचारणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

अर्थात हा बाजार मोकाट नाही. १९४९ पासून जुन्या मालाच्या व्यापाराचा स्वतंत्र कायदा आहे. दुकानदाराला प्रांताच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा परवाना लागतो आणि तो पोलिसांमार्फत मिळतो. दहा हजार येनांच्या आतील किरकोळ खरेदीत विकणाऱ्याची ओळख तपासण्यापासून पुष्कळ मालाला सूट आहे. परंतु सीडी, डीव्हीडी, गेम आणि पुस्तके यांना ती नाही. कारण चोरीचा माल याच वाटेने खपतो. यास्तव शंभर येनांची सीडी विकायला नेली तरी ओळखपत्र दाखवावे लागते आणि दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. जुना माल म्हणजे चोरबाजार, हे समीकरण तिथे कायद्यानेच मोडून काढले आहे. म्हणूनच शाळेचा मास्तर आणि बँकेचा अधिकारीही तिथे उजळ माथ्याने खरेदी करतो.

पाहून कसे घ्यावे

१९९० साली कानागावा प्रांतातील सागामिहारा येथे 'बुक ऑफ'चे पहिले दुकान निघाले. आज त्याच्या शाखा देशभर दिसतात. जुनी पुस्तके आणि सीडी लखलखीत उजेडात, धूळ पुसून, ओळीने मांडायच्या, हा त्यांचा बाणा. सर्वांत स्वस्त फळीवर ११० येनांचा माल असतो. त्यातले दहा येन करापोटी, कारण २०१९ च्या ऑक्टोबरपासून उपभोग कर दहा टक्के झाला आहे. जाणकारांचे दुकान मात्र 'डिस्क युनियन'. टोकियोत शिंजुकु, ओचानोमिझु या भागांत त्याच्या शाखा आहेत आणि संगीताच्या प्रकाराप्रमाणे वेगळी दालने आहेत. नाकानो भागात १९६६ साली उघडलेली 'नाकानो ब्रॉडवे' ही इमारत तर छंदिष्टांची पंढरीच म्हटली जाते. आपण तिला जुन्या मालाचे विद्यापीठ म्हणू. १९९९ पासून 'याहू'चे लिलाव आणि २०१३ पासून 'मेरुकारी' आल्याने पुष्कळ खरेदी फोनवरच होते. शिबुयातील 'रेकोफान'चे प्रशस्त दालन २०२० साली बंद झाले. तरीही दुकानात उभे राहून बोटांनी सीडी चाळणारे गिऱ्हाईक अजून संपलेले नाही.

भाच्याने सांगितलेली ओबी म्हणजे सीडीच्या कण्यावरून वळवलेली कागदाची पट्टी. किमोनोच्या कंबरपट्ट्यावरून तिला हे नाव पडले. तिच्यावर अल्बमचे नाव, किंमत, जाहिरातीचे शब्द असतात. नवी सीडी उघडताना कोणीही फाडून फेकेल असा हा चिटोरा. परंतु तो शाबूत असेल तर जुन्या सीडीचा भाव वाढतो. दुकानदार खोक्याची अवस्था, तबकडीवरचे ओरखडे, गाण्यांच्या शब्दांची पुस्तिका आणि ओबी पाहून दर्जा ठरवतो आणि दोष चिठ्ठीवर लिहून लावतो. पुस्तिकेच्या कोपऱ्याला बारीक घडी असेल तर तेही लिहिलेले असते. दोष लपवायचा नाही. लिहायचा आणि भाव कमी करायचा. व्यापारातील ही सचोटी शिकण्यासारखी आहे.

जाणाऱ्यांसाठी आणखी दोनचार सूचना. १९८८ पासून साधारण दशकभर सुट्या गाण्यांच्या सीडी आठ सेंटिमीटर व्यासाच्या, उभट पाकिटात निघत. त्या फटीतून आत ओढणाऱ्या यंत्रात घालू नयेत, अडकतात. २००२ च्या सुमारास नक्कल रोखण्यासाठी काही कंपन्यांनी वेगळ्या बांधणीच्या तबकड्या काढल्या. त्या सगळ्या यंत्रांवर चालत नव्हत्या आणि काही वर्षांत तो प्रकार सोडून द्यावा लागला. जुन्या दुकानात त्या अजून सापडतात, शिक्का पाहून घ्याव्यात. कार्यक्रमाची डीव्हीडी घेताना तर दोनदा विचार करा. जपानचा विभाग क्रमांक २, आपला ५. आपल्याकडच्या सगळ्याच यंत्रांवर ती चालेल असे नाही. सीडीला असा विभाग नाही. ती कुठेही वाजते.

टी-शर्ट, तिकीट आणि कचरा

बँडचा माल हा वेगळाच प्रांत आहे. टी-शर्ट, गळ्यात घालायचे टॉवेल, बिल्ले, दौऱ्याची चित्रपुस्तिका, हातात हलवायचे दिवे. पुष्कळ वस्तू केवळ कार्यक्रमाच्या ठिकाणीच विकल्या जातात. रंगीबेरंगी वेशभूषा करणाऱ्या 'व्हिज्युअल केई' पंथाच्या लहान बँडांच्या काही सीडी तर सभागृहाच्या दारातच मिळतात. कलावंताचा झटपट काढलेला फोटो, ज्याला तिथे 'चेकी' म्हणतात, तोही विकला जातो. बँड फुटला, एखादा वादक वारला की याच वस्तूंचा भाव चढतो. 'एक्स जपान'चा गिटारवादक हिदे २ मे १९९८ रोजी गेला, तेव्हा टोकियोतील त्सुकिजी होंगान्जी या बुद्धमंदिरात अंत्यदर्शनासाठी हजारो तरुण रांगेत उभे होते. त्या काळातला टी-शर्ट आज कोणी विकायला काढतो तेव्हा तो केवळ कापड विकत नसतो. म्हणूनच नकली टी-शर्टांचाही सुळसुळाट आहे. आतील पट्टीवरचे नाव, छापलेले साल, हक्काची ओळ पाहिल्याशिवाय घेऊ नये. भाच्यासाठी टी-शर्ट मिळाला. कॉलरजवळ पिवळट डाग असल्याचे चिठ्ठीवर लिहिले होते, म्हणून परवडला.

परंतु या बाजाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'एकेबी४८' या मुलींच्या गायकवृंदाच्या सीडीबरोबर गायिकेशी हस्तांदोलन करण्याची चिठ्ठी, आवडत्या गायिकेला मत देण्याची चिठ्ठी येऊ लागली. चाहत्यांनी एकाच सीडीच्या शेकडो प्रती घेतल्या, चिठ्ठ्या काढल्या आणि सीडी टाकून दिल्या. २०१७ साली फुकुओका प्रांतात डोंगरात अशा शेकडो सीडी फेकल्याबद्दल एकावर कारवाई झाली. जुन्या दुकानांत त्या कवडीमोलाने पडून असतात. ज्या वस्तूसाठी माणसाने पैसे मोजले ती वस्तूच त्याला नको होती! मत विकत घेण्याची सवय लोकशाहीला कुठे नेते हे आपण जाणतो. गाण्यालाही ती कुठे नेते ते तिथे पाहावे.

कार्यक्रमाच्या तिकिटांचा काळाबाजार मात्र १४ जून २०१९ पासून लागू झालेल्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. घेतलेली वस्तू विकणे हा हक्क. दुसऱ्याची जागा अडवून नफा खाणे हा गुन्हा. भेद स्पष्ट आहे.

एक बाजू शाळेत, एक बाजू बाहेर

आता माझ्या ओळीकडे येतो. ओसाकाच्या नानिवा प्रभागातील निप्पोनबाशी हा जुन्या मालाचा गजबजलेला बाजार. तिथे एका माडीवरच्या दुकानात, सोबतच्या निवृत्त शिक्षक मित्राने 'अकाई तोरी'ची ती मूळ छोटी रेकॉर्ड शोधून काढली. रेकॉर्ड वाजवायचे यंत्र माझ्याकडे नाही, म्हणून त्याच गाण्यांची एक सीडीही घेतली. दोन्ही मिळून आपल्याकडच्या साध्या जेवणाच्या किमतीत.

फेब्रुवारी १९७१ मध्ये ही तबकडी आली. पहिल्या बाजूला 'ताकेदा नो कोमोरिउता', म्हणजे ताकेदाचे अंगाईगीत. दुसऱ्या बाजूला 'त्सुबासा ओ कुदासाई', म्हणजे मला पंख द्या. दुसऱ्या बाजूचे गाणे शाळेच्या संगीताच्या पुस्तकात गेले आणि जपानमधील पोराटोरांना पाठ झाले. पहिल्या बाजूचे गाणे विक्रीत गाजले आणि पुढे रेडिओ-टीव्हीवरून हळूहळू नाहीसे झाले. गायक तेच, कंपनी तीच, तबकडी तीच. मग असे का व्हावे?

कारण ताकेदा ही क्योटोच्या फुशिमी भागातील बुराकू वस्ती. बुराकू म्हणजे जपानमधील अस्पृश्य. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, मृतांची व्यवस्था पाहणे ही कामे ज्यांच्या माथी मारली आणि मग त्याच कामांसाठी ज्यांना विटाळाचे ठरवले, ते लोक. १८७१ च्या फर्मानाने कायद्याने भेद संपला. लग्नात आणि नोकरीत तो उरला. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोमध्ये त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली, महाडच्या पाच वर्षे आधी.

हे अंगाईगीत आईचे नाही. दुसऱ्याचे मूल सांभाळायला घराबाहेर धाडलेल्या गरीब मुलीचे ते गाणे. १९६० च्या दशकात एका संगीतकाराने ते ताकेदातील एका बाईकडून ऐकून टिपले, बुराकूंच्या जीवनावरील सुमिई सुए यांच्या 'हाशी नो नाई कावा' या कादंबरीवर बेतलेल्या नाटकासाठी. तिथून ते तरुण गायकांच्या तोंडी गेले. ते कोणत्या वस्तीचे आहे हे गाणाऱ्यांनाही आधी ठाऊक नव्हते. ते कळले, गाण्यातला 'वस्ती' या अर्थाचा एक साधा शब्द लोकांना खुपू लागला आणि केंद्रांनी गाणे लावणे सोडून दिले.

हुकूम नसलेली बंदी

बंदी घातली कोणी? माहितीपट करणारे तात्सुया मोरी यांनी १९९९ साली हाच प्रश्न घेऊन फुजी दूरचित्रवाणीसाठी माहितीपट केला. खासगी प्रसारण संस्थांच्या संघाने १९५९ पासून 'जपून वापरायच्या' गाण्यांची एक यादी ठेवली होती. परंतु ती केवळ मार्गदर्शनासाठी होती, बंधनकारक नव्हती. ताकेदाचे अंगाईगीत तर त्या यादीतही नव्हते. बुराकू मुक्ती संघटनेनेही गाण्याला हरकत घेतलेली नव्हती. म्हणजे हुकूम नाही, ठराव नाही, सही नाही, शिक्का नाही. प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्या कोणी तरी बंदी घातली आहे!

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला नवी आहे काय? पाणवठ्यावर आम्हाला मज्जाव करणारा कागद गावोगाव कोणत्या कचेरीत ठेवला होता? भेद टिकतो तो 'असेच चालत आले आहे' या चार शब्दांवर. कायद्याचे कलम रद्द करता येते. न लिहिलेले कलम रद्द कसे करायचे? कोर्टात आव्हान द्यायलाही कागद लागतो.

अशी गाणी आणखी आहेत. अकिहिरो मिवा यांचे 'योइतोमाके नो उता' हे गाणे १९६५ च्या सुमाराचे. बांधकामावर दोर ओढणाऱ्या मजूर आईचे आणि शाळेत त्यापायी हिणवल्या गेलेल्या मुलाचे. त्यातील मजुरांसाठीच्या शब्दांचे निमित्त करून ते टीव्हीवरून वर्षानुवर्षे दूर ठेवले गेले. ३१ डिसेंबर २०१२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, मिवा यांनी एनएचकेच्या वर्षअखेरीच्या कार्यक्रमात ते गायले आणि देश ऐकत राहिला. कोरियाच्या फाळणीचे दुःख सांगणारे 'इम्जिन नदी' हे फोक क्रुसेडर्सचे गाणे १९६८ साली कंपनीने ऐन वेळी मागे घेतले. त्याची सीडी यायला २००२ साल उजाडले. तोवर ते कुठे होते? त्या मुलांनी १९६७ साली स्वतःच्या खर्चाने काढलेल्या रेकॉर्डवर. तिच्या प्रती होत्या अवघ्या ३००. १९८८ साली अणुवीजविरोधी गाण्यांमुळे 'आरसी सक्सेशन'चा 'कव्हर्स' हा अल्बम त्यांच्या कंपनीने नाकारला. तिचा मूळ उद्योगसमूह अणुभट्ट्या बांधणारा. १५ ऑगस्टला तो दुसऱ्या कंपनीने काढला.

आता जुन्या मालाच्या दुकानाचे महत्त्व ध्यानात येईल. केंद्रचालक गाणे लावणार नाही, कंपनी ते पुन्हा छापणार नाही. परंतु विकल्या गेलेल्या प्रती लोकांच्या घरातून कोणी परत घेऊ शकत नाही. त्या एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतात. २००२ च्या त्या निकालाचा खरा अर्थ हा आहे. फेरविक्रीचा हक्क हा बंदी घातलेल्या गाण्याचा श्वास आहे.

ढोल कोणाचा?

निप्पोनबाशीचा बाजार ज्या नानिवा प्रभागात आहे, त्याच प्रभागात आशिहाराबाशी आहे. शिन-इमामिया स्टेशनपासून लोकलने दोन थांबे. तिथे पिढ्यान् पिढ्या बुराकू कारागीर तायको म्हणजे मोठे ढोल बनवत आले. ढोल देवळात गेला, उत्सवात गेला, तो वाजवणाऱ्याला टाळ्या मिळाल्या. कातडे कमावून तो मढवणाऱ्याला मिळाला तिरस्कार. १९८७ साली त्या वस्तीतील तरुणांनी ठरवले की आता आपण बनवलेला ढोल आपणच वाजवू. पथकाचे नाव ठेवले 'इकारी', म्हणजे संताप. हलगी मढवणारा आणि वाजवणारा गावात कुठे उभा राहत असे, हे ज्याने पाहिले आहे त्याला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्याच भागात १९८५ साली ओसाकाचे मानवी हक्क संग्रहालय उघडले होते. सरकारी अनुदान थांबले आणि २०२० साली त्याला तिथले दार बंद करावे लागले. त्या रस्त्याने चालताना माझ्या पिशवीत ती छोटी रेकॉर्ड होती. संग्रहालयाला अनुदान लागते. हातोहात फिरणाऱ्या तबकडीला ते लागत नाही.

आपल्या कॅसेटींचे काय?

सुइहेइशाची स्थापना ज्या १९२२ साली झाली, त्याच साली वामनदादा कर्डक जन्मले. वामनदादा, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाने आपल्या दोन पिढ्या घडल्या. हे आवाज वस्तीवस्तीत पोहोचले ते मुख्यतः कॅसेटींवरून. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर फुटपाथवरच्या चादरीवर पुस्तकांशेजारी कॅसेटी मांडलेल्या असत. गावातल्या गायन पार्टीने, जिल्ह्यातल्या शाहिराने पदरमोड करून काढलेली कॅसेट त्या एका दिवशी खपे आणि पुन्हा कुठल्याच दुकानात दिसत नसे. जपानी पोरे सभागृहाच्या दारातली जी सीडी जिवापाड जपतात, तीच जात ही.

आज त्या कॅसेटी कुठे आहेत? मोठ्या गायकांची गाणी फोनवर सापडतात. परंतु ज्यांची एकच कॅसेट निघाली, त्यांचे काय? माळ्यावरून खोके उतरते, भंगारवाला किलोवर घेऊन जातो. बंदी कोणी घातली नाही, हुकूम कोणी काढला नाही. गाणे मात्र गेले. ताकेदाच्या गाण्याबाबत जे इतरांनी केले, ते आपल्या गाण्यांबाबत आपणच करीत आहोत.

यास्तव सांगणे एवढेच. घरातील कॅसेट भंगारात देण्यापूर्वी कव्हर उघडून वाचा. गायक, कवी, वादक, साल, कंपनी, कोणत्या गावची पार्टी, हे वहीत उतरवा. कव्हर फेकू नका. आपली ओबी तीच आहे. विहारात, वाचनालयात एक कपाट या कामी द्या. कॅसेटची नक्कल करून विकणे हा कलावंताच्या हक्कावर घाला आहे. मूळ कॅसेट जपणे, तिला जाणत्या हाती सोपवणे यात कसलाही गुन्हा नाही. आणि ६ डिसेंबरला एखादा पोरगा जुन्या कॅसेटींचे खोके घेऊन बसलेला दिसला तर त्याला भंगारवाला समजून पुढे जाऊ नका. खाली बसा, चाळा, दोन घ्या.

भाच्याला टी-शर्ट आवडला. डागाबद्दल त्याची तक्रार नव्हती. उलट तो खरा असल्याचा पुरावा म्हणून त्याने मित्रांना दाखवला. सीडीवरचे अंगाईगीत त्याने ऐकले, भाषा कळत नसताना दोनदा ऐकले, आणि विचारले, "मामा, आजीच्या पेटीतल्या कॅसेटी अजून आहेत का हो?"

पुढच्या रविवारी ती पेटी आम्ही उघडणार आहोत.